वाचकांचे प्रश्न : कात्रीचे हात, तोंडातला कापूस

प्रश्न : अकोल्याकडच्या खेड्यातून पुण्याला शिकायला आलो. वऱ्हाडी बोलीवरून होस्टेलमध्ये इतकी टिंगल झाली की वर्षभर मी तोंडच उघडलं नाही. यावर पंधरा मिनिटांची फँटसी लिहितोय, पण ती रडगाणं होतेय. हॉलिवूडचा दिग्दर्शक टिम बर्टन याने ‘एडवर्ड सिझरहँड्स’ या सिनेमात स्वतःचा एकटेपणा कसा आणला?

उत्तर : स्वतःच्या आयुष्यातले प्रसंग न आणता. बर्टन कॅलिफोर्नियातल्या बरबँकमध्ये वाढला. वसाहत आखीव, आणि हा मुलगा अबोल, सतत चित्रं काढणारा. बोटांच्या जागी लांब पाती असलेल्या हडकुळ्या माणसाचं चित्र त्याने शाळकरी वयातच काढलं होतं. जवळ जावंसं वाटतं आणि जाता येत नाही, एवढंच त्या चित्रात होतं. पुढे कॅरोलाइन थॉम्सनने त्यावर पटकथा लिहिली आणि १९९० साली सिनेमा आला: एका म्हाताऱ्याने घडवलेला, पण खरे हात बसवायचे राहून गेल्याने कात्र्यांचेच हात असलेला एडवर्ड एका वसाहतीत राहायला येतो. बर्टनच्या स्वतःच्या शाळेच्या दिवसांतलं काहीही त्यात नाही.

आहेत ते फक्त हात, आणि पटकथा त्यांना कामाला लावते. जेवणाच्या टेबलावर वाटाणा पात्यावर ठरत नाही. पाण्याची गादी फुटते. स्वतःच्याच चेहऱ्यावर ओरखडे उठतात. त्याच हातांनी झुडपांचे प्राणी होतात, कुत्र्यांचे आणि मग बायकांचे केस कापले जातात, तीच पाती चोरीसाठी कुलूप उघडायला वापरली जातात. आणि त्याचं जिच्यावर प्रेम आहे ती किम म्हणते, मला जवळ घे, तेव्हा त्याला ते जमत नाही. गुण आणि खोट एकाच अवयवात आहेत. एडवर्डच्या तोंडी शब्द जेमतेम दीड-पावणेदोनशे, कारण हात बोलतात.

आता तुमचं. ‘मला चिडवलं’ हे खोडा. ‘बोललो की उघडा पडतो’ हे ठेवा, आणि त्याला वस्तू द्या. उदाहरणार्थ, हा मुलगा बोलला की तोंडातून कापूस येतो. जितके शब्द तितका कापूस. नियम एवढाच, आणि तो शेवटपर्यंत मोडायचा नाही. मग रोजच्या दहा गोष्टी कागदावर लिहा: हजेरी, मेस, आईचा फोन, वाचनालय, रात्री कुजबुजणं वगैरे. प्रत्येकीपुढे कापसाचं काय होतं ते लिहा. पंधरा मिनिटांत पाचच पुरतात. पहिला प्रसंग गमतीचा, मधल्या तिन्हींत कापूस लोकांना हवासा वाटावा (थंडीत पोरं त्याला बोलायला लावून उशा भरून घेतात), आणि पाचव्यात त्याच कापसाने जवळच्याच माणसाला त्रास व्हावा. रूममेटला दमा असेल तर?

बिघडतं ते बहुधा दोन जागी. एक, सगळं होस्टेल दुष्ट होतं. बर्टनची वसाहत आधी एडवर्डला डोक्यावर घेते, म्हणून नंतरचं उलटणं बोचतं. दोन, सगळंच अद्भुत होतं. तिथे वसाहत फ्लोरिडातली, खरी. घरांना फक्त फिके, गोडमिट्ट रंग दिलेले, आणि गल्लीच्या टोकाला काळा वाडा. तो तिथे कसा, हे कुणी विचारत नाही. तुमच्याही होस्टेलात कापसाचं नवल करत बसू नका. वॉर्डनने फक्त झाडू आणायला सांगावं.

प्रश्न : त्यात एडवर्डला घडवणारा म्हातारा व्हिन्सेंट प्राइसच का?

उत्तर : प्राइस हा भयपटांचा गाजलेला नट, आणि बर्टन लहानपणी त्याचे भयपट बघत वाढला होता. प्राइस व्हायचं स्वप्न बघणाऱ्या पोरावर त्याने १९८२ साली ‘व्हिन्सेंट’ हा छोटा अ‍ॅनिमेशनपट केला, त्याला आवाज खुद्द प्राइसचा. ‘एडवर्ड’मध्ये भूमिका छोटी आहे: एडवर्डला खरे हात देता देताच म्हातारा कोसळतो. दिग्दर्शकाच्या आयुष्यातला माणूस पडद्यावर आणायचा तो असा, जिथे त्याच्यावाचून गोष्टच अडते. मित्राला उगाच कोपऱ्यात उभं करून नव्हे.