वडिलांना सीएमएल (रक्ताचा एक कॅन्सर) आहे. बीसीआर-एबीएल (या आजाराच्या जीनचं प्रमाण) ०.०५ वरून ०.०८ टक्के झालं, पण सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) नॉर्मल आहे. आजार उलटला का?

नाही. ०.०५ आणि ०.०८ माझ्या हिशेबी एकच. या तपासणीत एवढं मागेपुढे होतंच, आणि लॅब बदलली असेल तर तुलनाच करू नका. ०.१ च्या आत आहेत ना?

पण ते 'सीबीसी नॉर्मल आहे' वाचून राहवलं नाही.

मला २०११ साली सीएमएल निघाला तेव्हा पांढऱ्या पेशी १,८०,००० होत्या. इमॅटिनिब ४०० ही गोळी सुरू झाली आणि तीन महिन्यांत सीबीसी सरळ. पाच वर्षांनी बीसीआर-एबीएल ०.०६. आमच्या दाजींचं मेडिकल आहे. दिवाळीत फराळाला बसल्यावर म्हणाले, "पेशी सात हजार, हिमोग्लोबिन चौदा. तुला झालंय काय? रोज विष कशाला गिळतोस?" पायात गोळे यायचे, डोळ्यांखाली सूज असायची, मला ते पटायलाच हवं होतं. डॉक्टरांना न सांगता गोळी बंद केली.

तीन महिन्यांनी दाजींनीच सीबीसी करवली. नॉर्मल! दाजींचा चेहरा बघण्यासारखा होता. बायकोनं मात्र हट्टानं बीसीआर-एबीएल मोजणारी पीसीआर तपासणीही करायला लावली. ३.८ टक्के.

सीबीसी डोकी मोजते, डोक्यात काय शिजतंय ते तिला दिसत नाही. ९ आणि २२ नंबरच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन जो जोडजीन बनतो, तोच बीसीआर-एबीएल. तो पेशीला 'वाढत राहा' असं बजावत राहतो. पीसीआर त्या जीनच्या आरएनए प्रती मोजते, साध्या एबीएलच्या प्रतींशी ताडून. पेशींची संख्या चोख असताना हा जीन आत चांगलाच बोलका झालेला असू शकतो. मला पुन्हा ०.१ च्या खाली यायला आठ महिने लागले.

तेव्हा वडिलांच्या गोळ्यांच्या पट्ट्या मोजा, त्यांना न विचारता.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगायला हवं होतं. ०.१ ओलांडलं तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखवा. ते तपासणी पुन्हा करतील, गरज वाटली तर म्युटेशनचीही, म्हणजे जीनमध्ये बदल झालाय का ते पाहणारी. आणि हो, काहींची गोळी खरंच थांबवतात, पण वर्षानुवर्षं ०.०१ च्या खाली राहिलेल्यांची, सुरुवातीला दर महिन्याला पीसीआर करून. त्यातल्याही जवळपास निम्म्यांना ती परत सुरू करावी लागते. चकली खाताखाता ठरवायची गोष्ट नाही ती.

३.८ चा रिपोर्ट दाजींना तेव्हाच व्हॉट्सॲपवर पाठवला होता. दोन निळ्या टिका आल्या. उत्तर अजून यायचंय.