दोन वह्यांचा हिशेब

प्रिय,

तुझं पत्र मिळालं, सोबतची तुझ्या संशोधन-पेपरांची यादीही. शेवटची ओळ मनाला लागली. न्यूरोसायन्सचे लोक तुझी गणना प्रोग्रामरांत करतात, सॉफ्टवेअरचे लोक मेंदूच्या अभ्यासकांत, आणि एच-इंडेक्स, म्हणजे पेपर किती उद्धृत होतात यावरून काढलेला आकडा, दोन्हीकडे तोकडाच दिसतो. मग एक विषय सोडून द्यावा का, असं तू विचारलंस.

सोडू नकोस. दोन्हींचा हिशेब एकाच वहीत मांडणं मात्र आजच थांबव.

होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये एच-इंडेक्स मांडला. किमान १२ वेळा उद्धृत झालेले १२ पेपर असतील, तर इंडेक्स १२. विषयागणिक हा आकडा बदलतो, हे त्याने तिथेच लिहून ठेवलं होतं. लोकांनी आकडा उचलला आणि इशारा मागे ठेवला. तुझ्या बाबतीत तर दोन मापांच्या दोन बेरजा एकत्र केल्या जातात, आणि त्यातून जे येतं ते कुठल्याच विषयाचं माप नसतं.

मेंदूच्या शास्त्रात वजन जर्नलला. परिषदेत पोस्टर लावतात, त्याचा नुसता गोषवारा छापतात. म्हणून आयसीएसई या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या परिषदेतला तुझा पेपर निवड समितीतला एखादा न्यूरोसायंटिस्ट गोषवारा समजून ओलांडून जातो. प्रत्यक्षात तो पूर्ण लांबीचा, कडक पीअर रिव्ह्यूतून, म्हणजे त्याच विषयाच्या तज्ज्ञांच्या तपासणीतून, गेलेला पेपर आहे. हे यादीतच एका ओळीत लिही. समोरच्याला ठाऊक असेल असं धरून चालू नकोस. नावांच्या क्रमाचंही तसंच. न्यूरोसायन्समध्ये शेवटचं नाव सहसा प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं, सॉफ्टवेअरमध्ये त्या जागेला तेवढा ठाम अर्थ नाही. कुठल्या पेपरात तू नेमकं काय केलंस, ते शब्दांत सांग.

पबमेड या वैद्यक-जीवशास्त्राच्या पेपरांच्या सूचीत तुझं सॉफ्टवेअरचं काम जवळजवळ दिसणार नाही, डीबीएलपी या संगणकशास्त्राच्या सूचीत मेंदूचं. गूगल स्कॉलर दोन्ही गोळा करतं, पण नामसाधर्म्य असलेल्या परक्याचे पेपरही तुझ्या खात्यात आणून टाकतं. ते काढून टाक, आकडा घटला तरी. संशोधकाची ओळख पटवणारा ऑर्किडचा सोळा अंकी क्रमांक घे आणि प्रत्येक पेपरावर नाव एकाच पद्धतीने लिही. मी सुरुवातीला कुठे आद्याक्षरं, कुठे पूर्ण नाव लिहीत असे. तो गुंता सोडवण्यात पुढे फार वेळ गेला.

आता ज्यासाठी मुख्यतः लिहायला बसले ते. मेंदूचे सिग्नल स्वच्छ करणारं तुझं टूल यादीत सगळ्यात खाली, 'इतर'मध्ये पडलं आहे. ते वर आण. २०१२ मध्ये एका अभ्यासात दिसलं, की मेंदूच्या स्कॅनवरून मोजमाप करणाऱ्या फ्रीसर्फर या सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली, इतकंच काय पण संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम बदलली, तरी मेंदूच्या भागांची मोजमापं बदलतात. २०१६ मध्ये एकलुंड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की एफएमआरआयच्या, म्हणजे मेंदूचं काम टिपणाऱ्या स्कॅनच्या, प्रचलित सॉफ्टवेअर पॅकेजांतल्या काही सांख्यिकी पद्धती खोटे निष्कर्ष अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त देतात. एका पॅकेजमध्ये तर १५ वर्षांचा बग सापडला. त्याच पेपरात सुमारे ४० हजार अभ्यासांवर प्रश्नचिन्ह असल्याचं म्हटलं होतं, ते लेखकांनी पुढे दुरुस्त केलं. पण तोवर तो आकडा सगळीकडे पसरला होता. एखादा पेपर कशासाठी उद्धृत होतो, हे नुसत्या संख्येतून कळत नाही ते असं.

अशा चुका पकडायला दोन्ही विषय कळणारी माणसं लागतात. त्यांचं काम कोडमध्ये असतं, आणि कोड लोक वापरतात, उद्धृत करत नाहीत. लोकांना उद्धृत करणं सोपं करून दे: प्रत्येक आवृत्ती झेनोडो या खुल्या ऑनलाइन संग्रहात ठेवून डीओआय, म्हणजे तिचा कायमचा ओळख-क्रमांक, घे, कोडच्या फोल्डरमध्ये उद्धरणाची फाइल ठेव, आणि जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअरला छोटा पेपर पाठव. २०१६ पासून ते जर्नल अशाच कामासाठी चालतं. तिथे परीक्षक कोड चालवून पाहतात.

तुझ्या सीमेवरचं कामही कोणी वाचत नाही असं नाही. २०१४ च्या आयसीएसईमध्ये एका गटाने १७ जणांना स्कॅनरमध्ये झोपवून कोड वाचायला दिला आणि मेंदूचे कोणते भाग जागे होतात ते पाहिलं. तो पेपर अजून दोन्हीकडचे लोक काढून वाचतात.

यादी नव्याने कर: दोन विषय वेगळे, टूल वर, प्रत्येकापुढे तुझा वाटा. पुढच्या महिन्यात अर्ज जाण्याआधी मला पाठव, मी ओळ न् ओळ वाचीन.

तुझी,
ताई