कोर्स इंग्रजीत, दिवस फ्रेंचमध्ये

तू विचारलंस, "ताई, फ्रान्समध्ये लियोंला मास्टर्सला अ‍ॅडमिशन मिळालीय, कोर्स सगळा इंग्रजीत आहे. मग फ्रेंच शिकण्यात वेळ घालवू का? महिन्याला किती लागतात? आणि करमतं का तिथे?" तिन्ही उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून जसं सुचेल तसं लिहितेय.

मी २०२२ ते २०२४ तिथे होते. वर्गात इंग्रजी होतं, हे खरंच. पण घरमालकीण फ्रेंच, बँकेची पत्रं फ्रेंच, वॉशिंग मशीनवरची बटणंसुद्धा फ्रेंच. पहिल्याच आठवड्यात बेकरीत जाऊन मी "वन बगेत, प्लीज" म्हणाले. काउंटरवरच्या बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बोंजूर." मी पुन्हा बगेत मागितला. त्या पुन्हा, जरा ठासून, "बोंजूर!" तेव्हा कुठे ट्यूब पेटली: आधी नमस्कार, मग मागणं. कुणाच्या घरात चपलांसकट शिरावं तसं झालं होतं ते. बसमध्ये चढताना, दवाखान्यात बसलेल्यांना, लिफ्टमध्ये, सगळीकडे आधी बोंजूर. लोक तुसडे आहेत अशी तक्रार आपली मुलं करतात. त्यातली निम्मी या एका शब्दाने मिटते असं माझं मत आहे.

आता कागद. बँकेला घराचा पत्ता हवा आणि घरमालकाला बँकेचं खातं, यात पहिला महिना जातो. जामीनदार विचारतील, तेव्हा 'व्हिझाल' ही मोफत हमी आधीच काढून ठेव. पोहोचल्यावर तीन महिन्यांच्या आत व्हिसा ऑनलाइन वैध करून घ्यायचा, विसरू नकोस. सरकारी आरोग्य विम्याची नोंदणी फुकट आहे, पण जन्मदाखला लागतो. आईवडिलांची नावं असलेला ने, दोन-तीन प्रती ने.

आणि टपालपेटीवर पहिल्याच दिवशी आपलं नाव चिकटव. मी चिकटवलं नव्हतं. पेटीवर आधीच्या भाडेकरूचं नाव, म्हणून पोस्टमनने माझं एटीएम कार्ड परत पाठवलं, पुन्हा यायला अठरा दिवस लागले. नाव पासपोर्टवर आहे तसंच लिही. आपल्या पासपोर्टवर आपल्या नावाला लागूनच वडिलांचं नाव असतं. तिथे ते दोन्ही मिळून आपलं 'प्रेनों', म्हणजे पहिलं नाव, होतं. वर्षभर एक कारकूनबाई मला माझ्या बाबांच्या नावाने हाक मारायच्या. बाबांना फार गंमत वाटायची.

पैसे. व्हिसासाठी महिना ६१५ युरो दाखवायला सांगतात, त्यात लियोंमध्ये ओढाताण होते. माझ्या खोलीचं भाडं ४८० होतं, विद्यार्थ्यांचा बस-मेट्रो पास २५. क्रूसच्या, म्हणजे सरकारी विद्यार्थी-कँटीनमध्ये ३.३० युरोत पोटभर जेवण मिळायचं; शाकाहारी पदार्थ बहुतेक दिवशी असायचा, पण कधीकधी तो म्हणजे नुसतं उकडलेलं गाजर. मला भाड्यासाठी सरकारी मदत मिळाली होती. बिगर-युरोपीय विद्यार्थ्यांसाठी ती काढून घेण्याची पावलं उचलली गेली आहेत, तेव्हा तिच्यावर हिशोब बांधू नकोस. काम वर्षाला ९६४ तास करता येतं. पहिल्या सहामाहीत करू नकोस.

स्वयंपाकाचं आई विचारेल म्हणून सांगते. तिथे कणकेला नंबर असतात. टी५५ म्हणजे जवळपास मैदा, पोळ्या चिवट होतात. टी१५० म्हणजे कोंड्यासकट. तिच्यात थोडी टी६५ मिसळलीस की घरच्यासारखी पोळी होते. लाटणं ने, पोळपाटाचं वजन उगाच नको, ओटा चालतो. आणि फ्रोमाज ब्लाँ नावाचं घट्ट दही मिळतं. ते रात्रभर फडक्यात बांधून ठेवलं की सकाळी चक्का तयार. पाडव्याला मी किलोभराचं श्रीखंड केलं होतं. वर्गातल्या फ्रेंच मुलांनी वाटी चाटूनपुसून साफ केली.

अभ्यासात मार्क वीसपैकी मिळतात. पहिल्या पेपरात मला १३ पडले, रडू आलं. सर म्हणाले, चांगले आहेत की! १६ म्हणजे तिथे फार झालं. आपल्याकडच्या नव्वद टक्क्यांची सवय विसरावी लागते.

खरी फ्रेंच लागली ती 'स्ताज' शोधताना, म्हणजे इंटर्नशिप. दोन महिन्यांहून मोठ्या स्ताजला मानधन द्यावंच लागतं, त्यामुळे चांगल्या जागांवर उड्या पडतात. माझी पहिली मुलाखत फोनवर होती. कामाचं सगळं येत होतं, पण पलीकडचा माणूस काय विचारतोय तेच कळेना. दोन मिनिटांत त्याने आभार मानून फोन ठेवला. तेव्हा तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: जायच्या आधी फ्रेंचची ए२, म्हणजे सुरुवातीची दुसरी पातळी, कर, आणि त्यात फोनवर बोलायचा सराव जास्त कर. समोरासमोर हातवारे चालतात, फोनवर नाही.

करमतं का? रविवारी नाही. बहुतेक दुकानं बंद, वर्गातली मुलं शुक्रवारीच गावी गेलेली. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर मागे जातं, मग भारताशी अंतर साडेतीनवरून साडेचार तास होतं. तू संध्याकाळी मोकळी होशील तोवर आई झोपायला निघालेली असेल. डिसेंबरात पाच वाजता अंधार. मला नोव्हेंबर सर्वांत जड गेला.

आणि मग ८ डिसेंबर येतो. शहराच्या मध्यभागी दिव्यांच्या उत्सवाला तोबा गर्दी असते, तिथे एकदा जाऊन ये. पण मला आठवतात त्या आमच्या गल्लीतल्या खिडक्या. १८५२ पासूनची पद्धत आहे, लोक छोट्या काचेच्या ग्लासात मेणबत्त्या लावून खिडकीच्या कठड्यावर ओळीने मांडतात. समोरच्या आजींनी मांडल्या तेव्हा माझ्याकडे दिवाळीतल्या चार पणत्या उरल्या होत्या, त्या मी लावल्या. आजींनी पलीकडून हात केला. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटल्या तर बोंजूर आधी त्यांनीच म्हटलं, आणि ते मातीचे दिवे कुठून आणले म्हणून विचारलं.

सामानात चार पणत्या टाक. कपड्यांत गुंडाळून ने, माझी एक फुटली होती.