चावीचा ग्रामोफोन विकायचाय? आधी पॉलिशवाल्याला थांबवा

प्रश्न : नौपाड्यातली आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीये. आजोबांचा उभा, कपाटवाला एचएमव्ही ग्रामोफोन आहे, समोर दोन छोटी दारं, खाली रेकॉर्ड ठेवायचा कप्पा. चावी दिली तर ती नुसती गरागरा फिरते, थाळी हलत नाही. एक अँटिकवाला म्हणतो साउंडबॉक्स (सुई बसवतात तो गोल डबा) आणि मोटर तेवढी द्या, पेटी तुम्हालाच राहू दे. आमचे मेहुणे म्हणतात आधी पॉलिश मारून घ्या, भाव चढेल. कोणाचं ऐकू?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : दोघांचंही नको. अँटिकवाला हुशार आहे, मोटर आणि साउंडबॉक्स पिशवीत घालून नेता येतात आणि लगेच खपतात, मागे तुमच्याकडे जे उरेल ते एक जड कपाट, ज्याला नव्या वन बीएचकेत कोणी जागा देणार नाही. या मशीनचा भोंगा लाकडाच्या आतच असतो (१९०६ ला व्हिक्टर कंपनीने व्हिक्ट्रोला काढला तो भोंगा दिवाणखान्यात दिसू नये म्हणूनच), समोरची दारं उघडली की आवाज मोठा, लोटली की बारीक, म्हणजे पेटी हा वाजणाऱ्या यंत्राचाच भाग झाला ना. विकायचा तर अख्खा विका.

चावी अडकत नाही, नुसती फिरते याचा अर्थ बहुतेक स्प्रिंग तुटलीये. स्प्रिंग बदलता येते, त्यामुळे "बंद पडलाय हो" म्हणून कोणी भाव अर्ध्यावर आणला तर मान डोलावू नका. पण स्प्रिंगचा डबा घरी उघडायचा नाही, ती सुटली तर हात फाडते. खरी काळजी साउंडबॉक्सची. काही साउंडबॉक्सची मागची बाजू आणि टोनआर्मचे (साउंडबॉक्स धरणारी पोकळ नळी) काही भाग जस्ताच्या हलक्या मिश्रधातूचे असतात, तो धातू वर्षानुवर्षं आतून फुगतो आणि त्याला केसासारख्या चिरा जातात. तिथे जबरदस्ती केली की तुकडा हातात येतो आणि मग जोडीचा पार्ट शोधत बसा. रबरी वायसर कडक झाले असतील तर ते किरकोळ काम आहे.

आता पॉलिश. जुनं फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. पॉलिशवाला आधी काचपेपर मारणार, त्यात वरचा पातळ व्हिनियर (चिकटवलेला लाकडाचा पापुद्रा) आणि झाकणाच्या आतला एचएमव्हीच्या कुत्र्याचा छाप दोन्ही जाणार, आणि तो छाप गेला की गिऱ्हाईक विचारतं हा खरा कशावरून. कोरड्या मऊ फडक्याने पुसा, बास. कप्प्यातल्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्यासुद्धा लाखेच्याच असतात, त्यांनाही स्पिरिट लावू नका, खाचा विरघळतात. फोटो काढताना मोटरची प्लेट, साउंडबॉक्स दोन्ही बाजूंनी आणि पेटीची मागची फळी नक्की घ्या. तळाशी वाळवीची माती असेल तर तीही दाखवा, लपवून उपयोग नाही, घेणारा टॉर्च घेऊनच येतो.

प्रश्न : ऑनलाइन एक पितळी भोंग्याचा ग्रामोफोन बघितला, "१९१० ओरिजिनल" लिहिलंय. घेऊ का?
– एक वाचक, वाशी

उत्तर : चकचकीत पितळी भोंगा, नवीकोरी कोरीव पेटी, वर कुत्र्याचं स्टिकर? असे मशीन आपल्याकडेच जुळवले जातात, आतली मोटर बहुतेक वेळा एखाद्या पोर्टेबल, म्हणजे सुटकेससारख्या ग्रामोफोनमधून काढलेली असते. विकणाऱ्याला पेटी उघडून आतल्या स्क्रूचा फोटो पाठवायला सांगा. अधिकच्या खुणेचा स्क्रू १९३० च्या दशकात बाजारात आला, तो १९१० च्या मशीनमध्ये कसा? भोंगा आर्मवर डुगडुगत असेल तरी शंका घ्या. चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर एक चक्कर मारा, असे ढिगाने दिसतील आणि नजर आपोआप तयार होईल. शोपीस म्हणून आवडला तर खुशाल घ्या, फक्त शोपीसच्या भावात, आणि चांगली रेकॉर्ड त्यावर लावू नका, आर्म बसवताना अंदाजपंचे काम असतं, खाच खरवडली जाते.

प्रश्न : आमचा ग्रामोफोन शंभरीच्या पुढचा आहे. अमेरिकेतला भाचा मागतोय, कुरियर करू का?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : लगेच नको. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांवरची वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि तशी ठरली तर खाजगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नाही असं सर्टिफिकेट घ्या, मगच पॅकिंगवाल्याला बोलवा. पॅक करताना साउंडबॉक्स आणि थाळी काढून वेगळी गुंडाळायची.