नावं न कळता कोळी कसे मोजावेत?

प्रश्न : जांबुघोड्याच्या जंगलात कॉलेजच्या मुलांकडून कोळ्यांची विविधता मोजून घ्यायची आहे. जाती ओळखणारं कुणी नाही. सोपा मार्ग आहे का?
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : आहे. जातीचं नाव नसलं तरी चालतं. दिसण्यावरून गट पाडा आणि ‘क१’, ‘क२’ असे क्रमांक द्या. मोजमापाचं एकक ठरवा : एक माणूस, एक पद्धत, एक तास. फांद्या झोडपून खाली धरलेल्या पांढऱ्या कापडावर पडलेले कोळी वेगळे, पालापाचोळ्यातले वेगळे. रात्रीची फेरी टाळू नका. बॅटरी डोळ्यांच्या रेषेत धरली की लांडगा-कोळ्यांचे डोळे चमकतात. हातात खाली धरली तर काही दिसत नाही.

घोळ होतो तो गट पाडताना. पिल्लं मोजूच नका, त्यांची जात बाहेरून ठरत नाही. नर-मादी तर हमखास दोन जाती म्हणून नोंदले जातात. नेफिला या मोठं जाळं विणणाऱ्या कोळ्याची मादी तळहाताएवढी पसरते, नर तिच्याच जाळ्यात चिमुकला बसलेला असतो. नराच्या तोंडाजवळच्या स्पर्शिकांची टोकं फुगीर असतात, भिंगातून तेवढं आधी बघा.

नमुने ७०–८० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा; चिठ्ठी पेन्सिलीनं लिहून बाटलीच्या आत टाका, शाई विरघळते.

न सापडलेल्या जातींचा अंदाज ‘चाओ-१’ सूत्रानं येतो. समजा ४० गट मिळाले, १२ गटांचा एकेकच कोळी, ६ गटांचे दोन-दोन. १२ चा वर्ग भागिले ६ ची दुप्पट, म्हणजे न सापडलेले १२. मिळालेले ४० धरून एकूण किमान ५२.

जांबुघोडा अभयारण्य आहे, त्यामुळे वनखात्याची लेखी परवानगी आधी घ्या.