गौताळ्यात एका दिवसात पायी काय पाहावं आणि कधी जावं?

ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर. आधी एक खुलासा: कुणाला हे राष्ट्रीय उद्यान वाटत असेल, तर मराठवाड्यातलं गौताळा औट्रमघाट हे अभयारण्य आहे; मराठवाड्यात राष्ट्रीय उद्यान एकही नाही. 1986 साली घोषित झालेलं हे जंगल सुमारे 260 चौरस किलोमीटर आहे, त्यामुळे एका दिवसात सगळं उरकायचा हट्ट नको.

संभाजीनगरहून अभयारण्याजवळचं कन्नड सुमारे 60 किलोमीटर. पहाटे निघा, हिवरखेडा नाक्यावर नोंद करून आत शिरा. गौताळा तलाव आणि सीताखोरीचा धबधबा एवढं निवांत होतं. पितळखोरा लेणी वेगळ्या दिवशी ठेवा. ती दरीत उतरून पाहायची आहेत, आणि खरी दमछाक परतीच्या चढावर होते.

पाय घसरतात ते बहुधा ओढ्याकाठी. बेसॉल्टवर शेवाळ धरलं की सपाट दगडही फसवतो, म्हणून खाचदार तळव्याचे बूट घाला. डोंगरमाथ्यावर जोरदार पाऊस दिसला तर धबधब्याखालून लगेच बाहेर या, लोंढा अचानक येतो. माणशी तीन लिटर पाणी घ्या. लेण्यांजवळ आग्या मोहोळं असू शकतात, तिथे अत्तर, धूर, आरडाओरड नको. बिबट्या आणि अस्वलाचं हे घर आहे. अंधारापूर्वी बाहेर पडा.