मनीलाची तिकिटं काढण्याआधी दिवस मोजा

तुमची पोस्ट वाचली आणि आमचीच नागरिकत्वाच्या अर्जाची जुनी फाइल कुणीतरी समोर आणून आपटल्यासारखं झालं. वहिनी, म्हणजे तुमच्या पत्नी, फिलिपिन्सच्या, ऑगस्ट २०१९ पासून नाशिकला, लग्न रजिस्टर, एक्स व्हिसा (भारतीयाच्या परदेशी जोडीदाराला मिळतो तो) चालू. ऑक्टोबर २०२६ मध्ये त्यांच्या भावाच्या लग्नाला तीन आठवडे मनीला आणि जानेवारी २०२७ मध्ये नागरिकत्वाचा अर्ज, असा तुमचा बेत आहे. या क्रमाने जाऊ नका.

लग्नामुळे नागरिकत्व आपोआप मिळत नाही, अर्ज ऑनलाइन भरून प्रत कलेक्टर कचेरीत द्यायची असते, हे तुम्हाला ठाऊक असणारच. मुद्दा वेगळा आहे. नागरिकत्व कायदा १९५५, कलम ५(१)(सी) मध्ये 'सात वर्षं वास्तव्य' लिहिलंय, आणि सगळे तिथेच वाचायचं थांबतात. त्या सात वर्षांचा अर्थ खालच्या स्पष्टीकरणात आहे. अर्जाच्या लगेच आधीचे बारा महिने सलग भारतात, आणि त्या बारा महिन्यांच्या आधीच्या आठ वर्षांत मिळून किमान सहा वर्षं भारतात. सात वर्षं मोजायची ती राहण्याची, संसाराची नव्हे.

तुमच्या तारखा घालून बघा. अर्ज १५ जानेवारी २०२७ ला टाकला तर बारा महिने म्हणजे १५ जानेवारी २०२६ पासून पुढे. त्यात एक दिवसही बाहेर नको, आणि तुमचं मनीला नेमकं त्यातच पडतं. त्याआधीची आठ वर्षं १५ जानेवारी २०१८ पासून धरायची. वहिनी ऑगस्ट २०१९ ला आल्या, म्हणजे हातात साधारण सहा वर्षं पाच महिने. इतक्या वर्षांत माहेरी गेलेले सगळे दिवस मिळून पाच महिन्यांच्या वर गेले असतील तर तिथेही अडकाल.

आमचं घोडं अडलं ते बारा महिन्यांवर. एका कचेरीत (नाव घेत नाही) खिडकीवरच्या माणसाने छातीठोकपणे सांगितलं होतं की पंधरा-वीस दिवस चालतात, कोण बघतंय! बघतात. फाइल कलेक्टर कचेरीतून मंत्रालयातल्या गृह विभागात, तिथून दिल्लीला केंद्रीय गृह मंत्रालयात जाते. त्रुटी निघून कागद परत येईपर्यंत महिने गेलेले असतात, आणि बारा महिन्यांची गिनती माणूस भारतात परतल्याच्या तारखेपासून नव्याने. त्या माणसाचं सगळंच खोटं नव्हतं, हेच जास्त चिडवणारं आहे. २०१५ च्या दुरुस्तीने या बारा महिन्यांत जास्तीत जास्त तीस दिवसांची सूट आणली, तुकड्यातुकड्यांनीही चालते. पण ती फक्त केंद्र सरकार देऊ शकतं, खास परिस्थिती असेल तर आणि कारण लेखी नोंदवून. खिडकीवर मिळणारी ती सवलत नाही. भावाचं लग्न 'खास परिस्थिती'त बसेल या भरवशावर मी तरी तिकीट काढणार नाही.

म्हणजे वहिनी २५ ऑक्टोबरला परतल्या तर अर्ज थेट ऑक्टोबर २०२७ च्या अखेरीस. जाऊ नका असं म्हणत नाहीये, सख्ख्या भावाचं लग्न आहे. नऊ महिने जातील हे दोघांनी मिळून मान्य करा आणि मग जा. अर्ज टाकल्यावर जाणं त्यातल्या त्यात बरं, फक्त चौकशीला पोलीस घरी येतील तेव्हा त्या घरी असलेल्या बऱ्या.

आता वही घ्या आणि चार रकाने आखा: भारत सोडल्याची तारीख, परतल्याची तारीख, बाहेरचे दिवस, शिक्का कोणत्या पासपोर्टात कितव्या पानावर. पासपोर्ट मध्ये बदलला असेल तर भोकं पाडलेला जुनाही जपून ठेवा, निम्मे शिक्के त्यातच सापडतील. शिक्क्यावर शिक्का बसून तारीख वाचता येत नसेल तर तिकिटाची प्रिंट त्याच पानाच्या झेरॉक्सला टाचा. अर्जातल्या तारखा आणि शिक्के जुळले नाहीत की कारकुनाला आयतंच निमित्त मिळतं.

व्हिसाची मुदतवाढ संपायच्या आत ई-एफआरआरओवर (परदेशी नागरिकांच्या नोंदणीचं सरकारी पोर्टल) टाका. हे नुसतं दंडापुरतं नाही. मुदत उलटून राहिलेली व्यक्ती कायद्याच्या व्याख्येत 'अवैध स्थलांतरित' ठरते आणि कलम ५ चा दरवाजाच बंद होतो. शिवाय ३ डिसेंबर २००४ पासून इथे जन्मलेल्या मुलाला जन्माने नागरिकत्व मिळायला आई-वडिलांपैकी एक भारतीय आणि दुसरा अवैध स्थलांतरित नसावा लागतो. घरात पाळणा हलणार असेल तर व्हिसाची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा.

ओसीआयबद्दलही (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, म्हणजे परदेशी नागरिकत्व ठेवून भारतात राहू देणारं कार्ड) विचारलंय. रजिस्टर झालेलं लग्न सलग दोन वर्षं टिकलेलं असलं की अर्ज करता येतो. कार्ड देण्याआधी सुरक्षा तपासणी होते. स्वतः, आई-वडील, आजी-आजोबा किंवा पणजी-पणजोबा कधी पाकिस्तान वा बांगलादेशचे नागरिक असतील तर मिळत नाही, तुम्हाला तो प्रश्न नाही. माझं मत विचाराल तर ओसीआय आधी घ्याच, दरवेळच्या मुदतवाढीची कटकट जाते. पण ते नागरिकत्व नव्हे: मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही (सातबाऱ्यावर नाव लावायचा विचार असेल तर हे आधीच डोक्यात ठेवा), आणि कोर्टाने घटस्फोट दिला तर कार्ड रद्द होऊ शकतं.

शेवटचं, आणि यात घाई अजिबात नको. फिलिपिन्सचं नागरिकत्व आधी सोडू नका. इथला अर्ज मान्य झाल्याचं पत्र हातात पडलं की मगच. नाहीतर मधल्या काळात कुठलंच नागरिकत्व नाही अशी अवस्था होते. फिलिपिन्सच्या २००३ च्या कायद्याने जन्मजात फिलिपिनोंना ते नंतर परत घेता येतं, आणि तिकडचे नातेवाईक हे सांगतीलच. तसं केलं तर आपल्या कलम ९ प्रमाणे भारतीय नागरिकत्व जातं. आपल्याकडे दोन चालत नाहीत.

मी वकील नाही, नियम बदलतात, फॉर्म भरायच्या दिवशी साइटवरची कागदपत्रांची यादी पुन्हा बघा. जन्मदाखल्याला मनीलाहून अपॉस्टील (परदेशात कागद चालावा म्हणून तिथल्या सरकारचा साक्षांकनाचा शिक्का) करून आणायचं असेल तर ते मात्र याच फेरीत उरका; आणि कलेक्टर कचेरीत प्रत देताना आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.